रामटेके मॅडमचे पांढरे मिरे

शाळेत खडू संपतो, डस्टर हरवतो, पण किस्से काही संपत नाहीत. एकाने टिफिन उघडता उघडता एक सांगावा, दुसऱ्याने हात धुता धुता त्याला दुसरा जोडावा, असं करत वर्षाकाठी ढीग होतो. लाखनीजवळच्या आमच्या शाळेत एका वर्षी हा ढीग निव्वळ मिऱ्यांचा झाला होता! त्या वर्षी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि स्टाफमधले बरेच जण तिकडे गेले. डब्याच्या टेबलाशी उरलो आम्ही तिघं: मराठीच्या रामटेके मॅडम, विज्ञानाचे कापगते सर आणि गणिताचा मी.

* * *

मॅडमच्या सासूबाई मोठ्या तापातून उठल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, "आधी अंगात ताकद येऊ द्या, मग ऑपरेशनचं बघू." ताकद यायला जेवावं लागतं आणि म्हातारी काही केल्या जेवेना. डॉक्टरांनी लाल तिखट बंद केलेलं. जन्मभर झणझणीत रस्सा भुरकलेल्या बाईसमोर रोज पांढरी पेज ठेवायची म्हणजे शिक्षाच!

मॅडमनी युक्ती केली. पेजेवर काळे मिरे भरडून टाकले. म्हातारीने वाटी डोळ्यांजवळ नेली, निरखली आणि खाली ठेवली.

"सोंडे पडले तांदळात! माह्या घरी असा तांदूळ कधी शिजला नाही!"

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मिरे अगदी बारीक कुटले. पेज राखाडी झाली. म्हातारी म्हणाली, "तांदूळ न धुताच शिजवला काय वं?"

तिचा तरी काय दोष? धानाच्या मुलखातली बाई. उभा जन्म सूप मांडीवर घेऊन तांदळातले सोंडे किडे, काळे खडे वेचण्यात गेलेला. आता अंधुक दिसायला लागलं, तरी पांढऱ्यावरचं काळं तेवढं बरोबर दिसायचं.

* * *

"मग पांढरे मिरे टाका ना," कापगते सर म्हणाले.

मॅडम शाळा सुटल्यावर लाखनीच्या किराणा दुकानात गेल्या. दुकानदाराने बरणीतून मूठभर काळे मिरे काढून त्यांच्यापुढे धरले.

"पांढरे कायले पाहिजे, मॅडम? काळेच न्या. रंग पक्का आहे यांचा!"

* * *

मला वाटायचं, पांढऱ्या मिऱ्याचं झाडच वेगळं असतं. तसं बोललो आणि फसलो. कापगते सरांनी पोळीचा घास खाली ठेवला.

"एकाच वेलीचे होत ना! हिरवे तोडले, सालीसकट वाळवले, का काळे. पिकू देले, भिजवून साल काढली, का पांढरे."

"म्हणजे काळे स्वेटर घालून बसले आहेत, असं म्हणा की!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. "गणिताच्या माणसाले इतकं समजलं, बहुत झालं."

* * *

शेवटी सरच एका शनिवारी एसटीने भंडाऱ्याला गेले आणि पांढऱ्या मिऱ्यांची पुडी घेऊन आले. ती टेबलावर उघडली, तेव्हा मी चार दाणे खिशात टाकले. खोटं कशाला बोला!

घरी बायकोने ते कुटून थोडे मटणाच्या रश्शात टाकले. एक घोट घेतला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. "झोंबते, पण वास कुठी गेला याचा?"

मग उरलेली चिमूट तिने ताकाच्या कढीत टाकली. तिथे मात्र छान जमलं. बायकोने निकाल दिला: "काळा मिरा आला का पहिले नाकाले समजते. पांढरा आला का एकदम घशाले!"

इतका नेमका धडा मी अजून कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

* * *

पांढऱ्या मिऱ्याने काम केलं. पहिल्या दिवशी अर्धी वाटी, आठवड्याने पूर्ण वाटी. मॅडम रोज सकाळी आल्या आल्या स्टाफरूममध्ये बातमी द्यायच्या आणि आम्हालाही बरं वाटायचं. आणि नेमकी पुडी संपली! या वेळी भंडाऱ्यातही मिळेना.

"कापगते सर, काळ्याची सालं काढता येतात ना?" मॅडमनी विचारलं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

सरांनी प्रयोगशाळेतल्या नव्याकोऱ्या बीकरमध्ये काळे मिरे भिजत घातले. रोज पाणी बदलायचे. पाचव्या दिवशी असा वास सुटला, की दहावीचं प्रॅक्टिकल व्हरांड्यात घ्यावं लागलं! आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत आम्ही तिघं मिरे चोळत बसलो. इतक्यात हेडमास्तर आत आले.

"हे काय चालू आहे?"

"मिरे गोरे करून राहिलो, सर!" कापगते सर म्हणाले.

हेडमास्तरांनी सगळी हकिकत उभ्यानेच ऐकून घेतली. मग खुर्ची ओढली, बाह्या सरसावल्या आणि म्हणाले, "मले द्या थोडे इकडे."

त्या दिवशी मधली सुट्टी संपल्याची घंटा दहा मिनिटं उशिरा झाली.

* * *

म्हातारीच्या अंगात ताकद आली. भंडाऱ्याला ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं. काही दिवसांनी कापगते सर आणि मी सीताफळं घेऊन भेटायला गेलो. हिरवी पट्टी कपाळावर सरकवून म्हातारी खाटेवर बसली होती. आमची ओळख विचारून झाली, "मास्तर लोक बारीक दिसता," असंही म्हणून झालं.

मॅडम पेज घेऊन आल्या. आज मुद्दाम काळे मिरे, तेही जाडे भरडलेले. "आता दिसते ना तुमाले, आई? सोंडे नाही, मिरे होत. पाहून घ्या."

म्हातारीने वाटी हातात घेतली. आम्ही दोघंही पुढे वाकलो. इतक्या दिवसांची मेहनत त्या एका घासावर येऊन थांबली होती.

पण म्हातारी वाटीकडे बघतच नव्हती. ती सुनेकडे बघत होती. बराच वेळ.

"तुये केस कधी पांढरे झाले वं?"

मॅडमनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "झाले, आई. हळूहळू."

म्हातारीने वाटी सुनेपुढे सरकवली.

"पहिले तू खाय."