सुधाकरला वगळून काढलेला ग्रुप

मंडळी, सकाळपासून स्वतःचीच लाज वाटतेय.

ऐंशीच्या दशकात वाशीत रस्ते झाले होते, पण गाड्या नव्हत्या. तिथेच सुधाकरने आम्हा तीन मित्रांना त्याच्या फियाटवर ड्रायव्हिंग शिकवलं. तेव्हाच ठरलं, रिटायर झालो की चौघांनी गाडीने काश्मीर ते कन्याकुमारी जायचं.

आता त्याचे हात थरथरतात. तो स्टिअरिंग मागेल म्हणून आम्ही तिघांनी गुपचूप वेगळा ग्रुप काढला. तारखाही ठरवल्या.

आज त्याचा फोन आला. "अरे, ग्रुपवर कोणीच काही बोलत नाही. माझ्यामुळे ट्रिप रद्द करू नका रे. मी मागे बसेन."

"बघू," म्हणालो आणि फोन ठेवला.

आता त्याला नव्या ग्रुपमध्ये कोणत्या तोंडाने घेऊ?