मावशीच्या राऊटरवरचं तिसरं उपकरण

मी एका दैनिकात बावीस वर्षं उपसंपादक होते. भुताखेतांच्या बातम्या माझ्या टेबलावर यायच्या, आणि 'कोणी पाहिलं, किती वाजता, दुसरा साक्षीदार कोण' एवढं लिहून मी त्या परत पाठवायचे. बहुतेक पुन्हा आल्या नाहीत. खालच्या मजकुरालाही मी तेच तीन प्रश्न लावले आहेत. वेळेचं उत्तर आहे, साक्षीदारही आहे. पाहिलं मात्र कोणीच नाही.

सावर्ड्याच्या बाजारापासून रिक्षाने वीस मिनिटांवर माझ्या मावशीचं घर आहे. जांभ्याच्या दोन फुटी भिंती, वर कौलं. मावशी एकोणऐंशी वर्षांची, तिथे एकटीच राहायची. मुलगा मंदार ठाण्याला असतो. दोन वर्षांपूर्वी ती विहिरीपाशी घसरून पडली, तेव्हा त्याने घरात इंटरनेट घेतलं आणि माजघरात कॅमेरा लावला. राऊटर तिच्या खाटेच्या वर, उशाकडच्या फळीवर होता. मी रत्नागिरीत राहते, दोन तासांत पोचू शकते, म्हणून कॅमेऱ्यावर लक्ष ठेवणं माझ्याकडे होतं.

गेल्या गणपतीनंतर कॅमेरा रोज दुपारी बंद पडायला लागला. दोन चाळीसला जायचा, दोन एक्कावन्नला परत यायचा. त्या वेळी मावशी झोपलेली असते. आठ दिवस मी वेळा लिहून ठेवल्या. एका मिनिटाचाही फरक नव्हता.

मंदार फोनवर म्हणाला, "ताई, कोणीतरी आपल्या नेटवर्कमध्ये घुसलंय. आई एकटी आहे. रविवारपर्यंत कोण ते कळलं नाही तर मी तिला इकडे घेऊन येणार."

मावशीला हे सांगितलं तर ती उखडली. "माझं घोरणं ऐकून कोणाला काय मिळणार गो? त्या फ्लॅटात मी दोन महिन्यांत सुकून जाईन. सांग त्याला, मी इथून हलायची नाही."

गुरुवारी मी तिच्याकडे गेले आणि राऊटरच्या सेटिंगचं पान उघडलं. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दोनच नावं हवी होती — कॅमेरा आणि माझा फोन. दोन चाळीसला कॅमेऱ्याचं चित्र गेलं, त्याची ओळ मात्र राहिली, आणि खाली तिसरी ओळ आली. नावाच्या जागी नुसती आडवी रेघ. अकरा मिनिटांनी ओळ गेली.

तेव्हा मला भीती वाटली नाही, कारण घरात काय चूक झाली ते समोर दिसत होतं. गणपतीत मुंबईची सगळी मंडळी येतात आणि आल्या आल्या पासवर्ड विचारतात. म्हणून मावशीने तो मोठ्या अक्षरात कागदावर लिहून मखराशेजारी चिकटवला होता. आरतीला आलेल्या अख्ख्या वाडीने तो वाचला असणार. शिवाय बटण दाबून पासवर्डशिवाय जोडण्याची सोय चालू होती, आणि राऊटरचा स्वतःचा पासवर्ड कंपनीतून आला तोच होता. कोणीही यावं, अशी अवस्था.

मी सगळं बंद केलं. एन्क्रिप्शन डब्ल्यूपीए-थ्री केलं, नवा चोवीस अक्षरी पासवर्ड टाकला, यादीतल्या दोन उपकरणांखेरीज कोणालाही प्रवेश नाही अशी सेटिंग केली. पासवर्ड फक्त माझ्या वहीत होता.

"एवढा लांब?" मावशी म्हणाली. "विष्णुसहस्रनाम आहे की काय?"

शुक्रवारी दोन चाळीसला तिसरी ओळ पुन्हा आली.

इंटरनेटवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगताय तशी सेटिंग असेल तर हे होऊच शकत नाही. राऊटर खराब असेल." मी सावर्ड्याच्या बाजारातून नवीन राऊटर आणला. वेगळ्या कंपनीचा. नेटवर्कचं नाव, पासवर्ड, सगळं नवं. त्याच फळीवर ठेवला.

या नव्या राऊटरच्या यादीत सिग्नलचा जोरही दिसायचा. आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितकं उपकरण जवळ. शनिवारी सकाळी मी माझा फोन घेऊन मोजमाप केलं. बेड्यापाशी, म्हणजे फाटकाशी, उणे चौऱ्याऐंशी. अंगणात बहात्तर. ओटीवर साठ. फोन राऊटरला टेकवला तेव्हा एकतीस. याहून जवळ जाता येत नाही.

दुपारी मावशी खाटेवर आडवी झाली. मी शेजारी खुर्चीवर, मांडीवर तारेने राऊटरला जोडलेला लॅपटॉप, म्हणजे तो वायफायच्या यादीत येऊ नये, आणि हातात वही.

दोन चाळीसला ओळ आली. उणे चौऱ्याऐंशी.

"आला का तुझा पाहुणा?" मावशीने डोळे मिटूनच विचारलं.

"बेड्याशी आहे." खिडकीतून फाटक स्वच्छ दिसत होतं. तिथे कोणी नव्हतं.

दोन बेचाळीस — बहात्तर. अंगणात ऊन होतं, वाळत घातलेली लुगडी होती. दोन चव्वेचाळीस — साठ. ओटीचं दार उघडंच होतं.

"आता?"

"ओटीवर."

"मग बस म्हणावं," मावशी म्हणाली. पण डोळे उघडले.

दोन शेहेचाळीस — शेहेचाळीस. माझा फोन खुर्चीच्या हातावर, राऊटरपासून चार फुटांवर होता, त्याचा आकडा एक्केचाळीस. दोन अठ्ठेचाळीसला त्या ओळीचा आकडा चोवीस झाला, टेकवलेल्या फोनच्या एकतिसाहूनही जवळ.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कुठे गो?"

मी हाताने दाखवलं. फळी आणि तिची उशी यांच्यामध्ये हातभर जागा होती. ती.

मावशी हलली नाही. मीही नाही. पंखा चालू होता. आवाज नाही, वास नाही, गारवा नाही. माझ्या वहीत त्यापुढच्या तीन मिनिटांचं अक्षर मला स्वतःला लागत नाही. दोन एक्कावन्नला ओळ गेली आणि कॅमेरा सुरू झाला. त्याचं पहिलं चित्र माझ्याकडे आहे. दोन बायका भिंतीच्या एकाच जागेकडे बघताहेत.

मावशी उठली, उशी काखेत घेतली आणि ओटीवर जाऊन उभी राहिली.

"मंदारला फोन लाव," ती म्हणाली. "सांग, उद्या नको. आत्ता नीघ."

मी नंतर दोन जाणकारांना विचारलं. आमच्या एखाद्या उपकरणाचा ओळख-क्रमांक चोरून परकं उपकरण आत येऊ शकतं, पण मग यादीत आमच्याच दोघांपैकी एकाची ओळ दिसली असती. सॉफ्टवेअरचा दोष म्हणावा, तर दोन कंपन्यांच्या दोन राऊटरना एकच वेळ का? आकड्यांचं कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही... आणि त्या माजघरात पुन्हा बसून ते शोधण्याची माझी तयारी नाही.

घराला कुलूप आहे. मावशी ठाण्याला आहे, खरंच सुकते आहे, पण परत ने म्हणत नाही. दर फोनला एकच विचारते.

"तो असा कधीपासून येत असेल गो?"

मी तिला सांगते, राऊटर बसवला दोन वर्षांपूर्वी. त्याआधी कोण येत होतं ते कळायला काही साधन नव्हतं. मावशी त्या खाटेवर, त्याच भिंतीला डोकं करून, सत्तावन्न वर्षं झोपली आहे.