लाज मोजणारी

...आणि यादीतलं पुढचं घर निघालं तिच्याच घरमालकिणीचं! काल इथवर आलो आणि मला ठसका लागला, ते राहूनच गेलं. ती म्हणजे माझी नात, लेकीची लेक. सर्वेक्षणाच्या कामावर घरोघर फिरते. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज घ्यायची एक गोळी असते. ती घेणाऱ्याला लोक किती नावं ठेवतात, हे मोजायचं काम. मी आपला चौथी पास. विचारलं, "बाई गं, लाज मोजतेस ती किलोवर की फुटावर?" म्हणाली, "पाचावर, आजोबा. पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत." हसता हसता माझी कवळी निसटली.

पण हसण्यासारखं तेवढंच. नातजावयाला एचआयव्ही आहे. त्याचं औषध नुकतंच सुरू झालंय. ते पुरतं लागू पडेपर्यंत डॉक्टरांनी हिलाही ती गोळी दिली. दवाखान्याचे कागद कुणाच्या ना कुणाच्या नजरेला पडले आणि दोन खोल्या सोडाव्या लागल्या. ही तिसरी. म्हणून बाटलीवरचा कागद खरवडून ती खिडकीत ठेवते आणि कुणी विचारलंच तर सांगते, रक्तवाढीची आहे.

ती कामावरच्या साहेबांना म्हणाली, "एवढं घर बदलून द्या, ओळखीचं आहे."

साहेब म्हणाले, "मग तर बरंच! दार तरी उघडेल."

घरमालकीण पलंगावर वाळल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. कामाचा नियम असा, की प्रश्न छापलाय तसाच वाचायचा आणि आपलं मत चेहऱ्यावरसुद्धा उमटू द्यायचं नाही.

"ही गोळी घेणारी व्यक्ती वाईट चालीची असते, असं तुम्हाला वाटतं का?"

"पूर्ण सहमत. त्याच्याही वर काही असेल तर तिथं खूण कर."

"अशा व्यक्तीला तुम्ही खोली भाड्याने द्याल का?"

"खोली? दारात उभी करणार नाही! आणि तू काय अशी घामाघूम झालीस? पंखा लाव की."

हिने खूण केली. सही घेऊन उठणार, तोच बाई म्हणाली, "थांब गं. ती तुझी खिडकीतली रक्तवाढीची गोळी. मलाही हल्ली चक्कर येते. दे की त्यातल्या चार."

द्यायची सोय नाही आणि नाही म्हणायचीही सोय नाही. "तपासल्याशिवाय नको हं, मावशी," म्हणत हिने दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेलं. रक्त खरंच कमी निघालं! गोळ्या मिळाल्या, लाल.

"तुझी निळी, माझी लाल, असं कसं?"

"वयाप्रमाणे असतं, मावशी."

बाईला पटलं. मला तर हे ऐकून टाळी द्यावीशी वाटली. म्हटलं, "मग आता सुटलीस ना, पोरी?" त्यावर ती जे बोलली ते शब्दाला शब्द सांगतो:

"सुटते कसली, आजोबा! रोज सकाळी मावशी पाण्याचे दोन पेले घेऊन माझ्या दारात येतात. त्यांची त्या घेतात, माझी मला घ्यायला लावतात. गिळली का ते बघायला तोंड उघडायला सांगतात. आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून म्हणतात, 'भाडेकरू मिळावी तर अशी.'"