दुसऱ्या बाजूच्या शेवटचा सोलो

आमच्या बँडचा नवा अल्बम आला, त्या आठवड्यात मी शाळेत भूगोल शिकवला की नाही हे मला खात्रीनं सांगता येणार नाही. शिकवला असावा, कारण कुणी तक्रार केली नाही. 'आमचा बँड' म्हणजे सातासमुद्रापलीकडचा हार्ड रॉकवाला. त्यातले गडी आता गुडघे धरून स्टेजच्या पायऱ्या चढतात. नंदुरबार नावाचा जिल्हा पृथ्वीवर आहे हे त्यांना ठाऊक नाही, पण म्हणून आमचं प्रेम आटावं असं काही नाही. जिल्ह्यात त्यांचे चाहते दोन. एक मी आणि दुसरा खांडबाऱ्याचा माझा मित्र. त्याचं स्टेशनजवळ मोबाइलचं दुकान आहे, पूर्वी तेच कॅसेटचं होतं. दर रविवारी मी नंदुरबारहून गाडीनं त्याच्याकडे जातो, आम्ही काउंटरच्या आत दोन स्टुलांवर बसतो आणि भांडतो.

भांडण एकच. बँडचा पहिला गिटारिस्ट मोठा की दुसरा? पहिला फार वर्षांपूर्वी बाकीच्यांशी बिनसून निघून गेला. त्याच्या जागी आलेल्याला आम्ही अजून 'नवा' म्हणतो, त्याची दाढी पार पांढरी झाली तरी. मी जुन्याच्या बाजूचा, मित्र नव्याच्या. मला स्वतःला गिटार वाजवता येत नाही. खरं तर आरतीत टाळ्याही तालात पडत नाहीत. पण त्यामुळे माझं मत मांडायचं कधी अडलं नाही.

शिवाय माझ्याकडे हुकमाचा एक्का होता. कॉलेजात असताना याच मित्राच्या दुकानातून मी बँडची गाणी कॅसेटवर भरून घेतली होती. तिच्या दुसऱ्या बाजूला, शेवटचं गाणं संपल्यावर थोडी खरखर होते आणि मग एकटी गिटार सुरू होते. मागे ढोलासारखं काहीतरी घुमत असतं. सूर असा लोंबकळत, घसरत, पुन्हा वर चढत जातो की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. हा जुन्याचा दडवलेला सोलो आहे, यात त्यानं पूर्वेकडचं संगीत पचवलंय, आणि ते न पेलल्यामुळेच बाकीच्यांनी त्याला घालवलं, असा माझा सिद्धान्त होता. माझी सगळी पत त्या तुकड्यावर उभी होती. मित्र नव्याची बाजू घेऊन फारच तापला की मी म्हणायचो, "मंग दुसरी बाजूना शेवटनं काय, ते सांग!" की तो गप्प व्हायचा. दर वेळी. मग मी विजयी मुद्रेनं चहा मागवायचो.

तर नवा अल्बम आला आणि इंटरनेटवरच्या चाहत्यांच्या अड्ड्यावर रणधुमाळी माजली. मीही मोडक्यातोडक्या इंग्रजीत लांबलचक मजकूर लिहिला. नवा नुसती बोटं चालवतो, जुना जीव ओतायचा, आणि पुरावा पाहिजे तर दुसऱ्या बाजूच्या शेवटचा सोलो ऐका. चार-दोन जणांनी विचारलं, कुठला सोलो? कुणाच्याच अल्बमवर तो नव्हता. धड डोक्याच्या माणसाला इथं शंका आली असती. मला उकळ्या फुटल्या. जगात कुणाकडे नाही ते माझ्याकडे आहे, असा मी अर्थ काढला. जुना टेपरेकॉर्डर ठोकूनठाकून चालू केला, त्याच्यासमोर मोबाइल धरला आणि तो तुकडा अड्ड्यावर चढवला.

दोन दिवसांत त्याला 'हरवलेला सोलो' असं नावही पडलं. ब्राझीलचे एक गृहस्थ ऐकून रडले म्हणे. मग कुणीतरी सुचवलं की हे थेट जुन्या गिटारिस्टलाच पाठवू या, तो हल्ली चाहत्यांना उत्तरं देतो. पाठवायला माझी परवानगी मागितली होती. माझं नाव गावासकट जाणार होतं. मी आरशासमोर नम्र दिसण्याचा सराव केला.

रविवारी हे सगळं मी मित्राला तिखटमीठ लावून सांगितलं. तो कुणाच्या तरी मोबाइलला काच चिकटवत होता. ती वाकडी बसली. गिऱ्हाइकाला संध्याकाळी यायला सांगून त्यानं हात पुसले.

"ते धाडू नको," तो म्हणाला.

"का बरं? जळना का?"

"जगमा हसू व्हई तुन्हं." तो खाली बघत होता. "तो तुन्हा जुना नही शे. तो आठला लगीनना बँडवाला शे."

इथल्या लग्नातला बँडवाला? मला आधी कळेचना. मग त्यानं समजावून सांगितलं. "गानं सरनात, टेप उरनी. कोरी दिधी ते गिऱ्हाईक कावतस. नवापूरकडला लगीननी टेप लावेल व्हती, तीच पुढे भरी दिधी."

इकडच्या लग्नांत टेंपोवर कीबोर्ड, गिटार आणि माणसाहून उंच स्पीकर चढवून बँड वाजतो, आणि सगळं वऱ्हाड हात धरून ओळीनं नाचतं. अशा प्रत्येक लग्नात मी कानांत बोटं घालून लांबच्या खुर्चीवर बसलोय आणि शेजारच्याला म्हटलंय, याला काय संगीत म्हणायचं? पूर्वेकडचं संगीत पचवलेला तो महान कलावंत माझ्यासमोर वाजवत होता आणि मी जेवणाची पंगत कधी बसते ते विचारत होतो.

"आनि इतला वरीस सांगं काबं नही माले?" मी जवळजवळ ओरडलोच. "दर रविवारी माले जिंकू देस, गप बसस. मजा पाही ऱ्हायंता का मन्ही?"

त्यानं ती वाकडी बसलेली काच नखानं सोलून काढली. मग म्हणाला, "एकदाव सांगाले लागंतू. पन तुन्हाकडे तेवढंच व्हतं. सांगतू ते तू येवानं बंद करी देता."

मला फार लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्याच्याबद्दल माया वाटली. पण तसं म्हणायची आमच्यात पद्धत नाही. त्यामुळे मी म्हणालो, "चहा सांग." परतीच्या गाडीत मात्र नंदुरबार येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. खरंच येणं बंद केलं असतं मी. मी तसलाच माणूस आहे.

त्याच संध्याकाळी अड्ड्यावर खरं काय ते लिहून टाकलं. लोक पोट धरून हसले, माझ्या नावाचे विनोद झाले, आणि ते मला मिळायलाच हवे होते. ब्राझीलच्या गृहस्थांनी तेवढं विचारलं की या लग्नवाल्याचा अल्बम कुठे मिळेल.

पुढच्या रविवारी गाडीत बसल्यावर मी नवा अल्बम पहिल्यांदाच वकिलासारखा न ऐकता नुसता ऐकला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर नव्यानं असं काही वाजवलंय की मी ते पुन्हा लावलं, आणि खांडबारा आलं तेव्हा मी उतरायचं विसरत होतो. दुकानात गेलो आणि बसता बसताच सांगून टाकलं.

"ऐकं मी. नवाच भारी शे. तूच खरा व्हता."

मला वाटलं होतं तो टाळी देईल. त्याचा चेहरा पडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, परतीच्या गाडीला अजून पुष्कळ वेळ होता. काउंटरवरची मोबाइलची कव्हरं त्यानं उगाच इकडची तिकडे केली.

"येडा शे का तू?" तो एकदम म्हणाला. "नवा काय वाजाडस! जुनानी सर त्याले सात जनममा येवाव नही." आणि स्टूल जवळ ओढून तो जुन्याची बाजू मांडायला लागला. माझेच मुद्दे होते, माझ्याच क्रमानं, एकही न विसरता.

मीही स्टूल पुढे ओढलं आणि नव्याच्या बाजूनं भांडायला लागलो.