बाईंचे अडकणारे हात

बाई कर्णबधिर मुलांना घरून, लॅपटॉपवर, खुणांच्या भाषेत गणित शिकवत. महिनाभर चित्र सारखं अडकत होतं; बाईंचे हात हवेतच थिजायचे आणि मुलांना वाक्य अर्धंच कळायचं. राउटर शेजारी आणून ठेवला, तरी इंटरनेटचा वेग काही वाढेना.

शेवटी धीर करून त्यांनी स्वतःच लॅपटॉप उघडला, जुनं वाय-फाय कार्ड काढून नवं बसवलं. तरी वेग तेवढाच! बाई हिरमुसल्या. पुन्हा उघडून पाहिलं, तर अँटेनाच्या दोन बारीक तारांपैकी एक कार्डाला नुसतीच टेकलेली. नखाने दाबली, टक्क वाजलं, आणि लॅपटॉप सुरू केल्यावर वेग चौपट!

दुसऱ्या दिवशी वर्गात एका मुलीने खुणेने विनवलं, "बाई, जरा सावकाश बोला ना!" बाईंना हसू आवरेना.