कंदील कुठनं आणलास?

चौक गावात हिरामण नावाची तीन माणसं होती. एक ठेंगणा, एक बहिरा आणि एक तारांतोवाला. ही हकिगत तिसऱ्याची.

मोठ्या लढाईत तो मजूर पलटणीत भरती झाला, आगबोटीतून इटली देशात गेला आणि सन एकोणीसच्या शिमग्याला परत आला. येताना त्यानं तीन गोष्टी आणल्या. एक घोंगडं, एक पत्र्याचा मग आणि तारांतो शहराची गोष्ट. घोंगडं कसरीनं खाल्लं. पत्र्याचा मग त्याच्या बायकोनं, चंद्राबाईनं, मीठ ठेवायला घेतला. गोष्ट मात्र तेरा वर्षं टिकली, आणि दर वर्षी भाताची झोडणी सुरू झाली की खळ्यावर दिवेलागणीला ती नव्यानं निघायची.

आमच्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला समोरून कुणीतरी हुंकार द्यावा लागतो. वाक्य संपलं की "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणाराही थांबतो. हिरामणच्या गोष्टीला हुंकार द्यायचा शुक्रा ठाकूर. माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी ठाकरांच्या वाडीतला हा माणूस झोडणीच्या दिवसांत मजुरीला खाली यायचा. तोही त्याच पलटणीत होता. हिरामणनंच त्याला हे काम लावून दिलं होतं. तिथं गेलेला माणूस समोर बसून "हूं" म्हणतोय म्हटल्यावर शंका कोण काढणार?

"तर काय सांगू," हिरामण पेंढ्याला टेकून सुरू करायचा, "सांज झाली, की मी कप्तान साहेबाची सायकल काढायचो."

"हूं."

"शहर म्हंजे बेट. या अंगाला मोठा दर्या, त्या अंगाला धाकटा. मधे लोखंडी पूल. गलबत आलं, की पूल मधोमध फाटायचा आणि दोन्ही अर्धे दाराच्या फळ्यांगत बाजूला व्हायचे. मी एक पाय जमिनीवर टेकून उभा."

"हूं."

"पूल मिटला की किल्ल्याच्या कडेनं आत. बोळ असे, की दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील. डोक्यावर धुणी. दारात बाया जाळी विणतायत. काळ्या शिंपल्यांच्या टोपल्या. आणि एका वळणावर दगडाचे दोन खांब. कुठल्या जुन्या काळचं देऊळ, ते पडलं, खांब राहिले. आपल्या चार माणसांच्या कवेत मावणार नाय एक खांब."

"हूं."

"आणि माझ्या मागनं, कंदील घेऊन, हा शुक्र्या धावतोय!"

इथं हुंकार यायचा नाही. यायची ती हशाची लाट. लोकांना गोष्टीतला हाच भाग पाठ. अंधार पडला, सायकलला दिवा नाही, म्हणून ठाकूर कंदील घेऊन मागं पळतोय, धापा टाकतोय, शेवटी शिंपल्यांच्या टोपलीत पालथा पडतोय. गावात म्हणच पडली होती, "पळ रं शुक्र्या, सायकल गेली!" शुक्रा बाजाराला उतरला तरी तेच. त्याची मुलगी सोमी लाकडाची मोळी घेऊन आली की पोरं तिच्या मागं लागायची, "पळ गं शुक्र्याचे, सायकल गेली!" एकदा हिरामणच्या दारातच हे झालं. सोमीनं मोळी टाकली, पायरीकडं एकदा बघितलं आणि निघून गेली. हिरामण पायरीवर तंबाखू मळत होता. त्यानं मान वर केली नाही.

कारण खरं काय ते त्याला ठाऊक होतं.

खरं हे, की हिरामणला सायकल येत नव्हती. तो पंचवीस मजुरांवरचा मेट होता. कप्तान सकाळी सायकलवरून बंदरातल्या कचेरीत जायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या साहेबांच्या मोटारीतून छावणीत यायचा. सायकल कचेरीतच. ती अंधाराच्या आत छावणीत आणायची जबाबदारी मेटवर. हिरामणनं तंबूंच्या मागं एकदा बसून बघितलं. कोपर सोललं, चाकाच्या दोन तारा वाकल्या आणि साहेबाची वस्तू मोडली तर काय, या भीतीनं तो पुन्हा तिच्यावर बसला नाही. तेव्हा शुक्रा पुढं झाला. भरतीच्या आधी तो माथेरानवर घोडेवाला होता. साहेब लोक घोड्यावर आणि हा लगामाशी पळतोय, यातच त्याची उमर गेलेली. त्यानं तारा सरळ केल्या, सायकलवर दोनदा पडला, तिसऱ्यांदा चालवली. म्हणाला, "घोडंच हाय. फक्त खात नाय आणि ऐकतंय."

मग रोज संध्याकाळी शुक्रा गोदीवरचं काम आटपून कचेरीतून सायकल काढायचा आणि सरळ रस्ता सोडून शहरभर हिंडत यायचा. हिरामण छावणीच्या फाटकाशी जीव मुठीत घेऊन उभा. रात्रीचं जेवण झालं, की शुक्रा बघितलेलं सांगायचा. पूल, बोळ, जाळी, खांब. आणि त्या तंबूत हुंकार द्यायचा हिरामण.

गावी आल्यावर पहिल्याच संध्याकाळी ओटीवर वीस माणसं जमली. "काय बघितलंस रं, सांग!" हिरामणनं काय बघितलं होतं? गोण्या, फळ्या, तंबूचे खुंटे आणि मजुरांच्या हजेरीची वही. सात समुद्रापलीकडं जाऊन आलेल्या माणसानं हे सांगायचं? त्याच्या तोंडून पूल निघाला. नंतर बोळ निघाले. एकदा निघालेलं परत गिळता आलं नाही. शुक्रा तेव्हा वाडीत होता, आणि वाडीतल्या माणसाला गावाच्या ओटीवर येऊन "हे माझं" म्हणायची सोय आपण ठेवलीय कुठं? पुढं झोडणीला तो आला तेव्हा गोष्ट पक्की झालेली होती. त्याच्या तोंडावर ती सांगायची म्हणजे त्याला कुठंतरी बसवणं भाग. हिरामणनं त्याच्या हातात कंदील दिला आणि मागं पळवला.

इथवर सगळं चाललं. बत्तीस साली शाळेवर सहदेव मास्तर आले, ते कर्जतहून सायकलवर.

झोडणी सुरू होती. मास्तर शाळा सोडून खळ्यापाशी थांबले. सायकल आंब्याला टेकली. धाऊ म्हणून हिरामणचा शेजारी होता, तोंडाचा भलता मोकळा. त्यानं पेंढी खाली टाकली.

"दादा, तेरा वर्सं ऐकतोय. आज दाव!"

"गुडघा धरलाय रं," हिरामण म्हणाला.

"सकाळी तर माळ्यावर चढलासा!" चंद्राबाई सुपानं भात पाखडता पाखडता म्हणाली. तिला मनातून काय ठाऊक होतं देव जाणे, पण तिच्या ओठांत हसू होतं.

"बसा हो," मास्तर म्हणाले. "मोडायची नाही. मोडली तर माझी मोडली."

"शुक्र्याला घ्या मागं!" धाऊ ओरडला. "कंदील आणू का?"

सगळं खळं हसलं. इतक्या लोकांत पडायचं म्हणजे नुसतं पडायचं नव्हतं. तेरा वर्षांचं नाव चिखलात जाणार होतं. हिरामणनं शुक्राकडं बघितलं. शुक्रानं हातातली पेंढी झोडून पुरी केली, हात धोतराला पुसले आणि येऊन सायकलची सीट मागून धरली.

"बस दादा."

वाडीची माणसं अहोजाहो करत नाहीत; लहानथोर सगळ्यांना एकच. हिरामण बसला.

"चाकाकडं बघू नको," शुक्रा मागून हळूच म्हणाला. "लांब बघ. पाय मार. मी हाय."

आणि सायकल निघाली. खळ्यावरून गाडीवाटेवर, गाडीवाटेवरून आळीत. दोन्ही बाजूंना माणसं, ओसरीवर बाया. हिरामण मान ताठ करून बसलेला. सायकल डावीकडं झुकली की मागचा पंजा तिला उजवीकडं आणायचा. पायडल कधी त्याच्या पायाखाली होतं, कधी नव्हतं. ती चालत होती ती शुक्राच्या पायांवर.

"पळ रं शुक्र्या, सायकल गेली!" आळीभर ओरडा.

"लांब बघ," मागून आवाज. "वळण येतंय. खांदा सैल सोड."

आळी संपली. पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर ओढ्याची मोरी येते. तिथं माणूस नव्हतं. हिरामण सायकलसकट गवतात कलंडला. शुक्रा मोरीच्या कठड्यावर बसला. त्याची छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. आता तोही पंचेचाळिशीला आलेला होता.

हिरामण गवतातून उठून बसला.

"सोडून द्यायचंस की," हिरामण म्हणाला. "पडलो असतो. फिटलं असतं."

"सायकल मास्तराची हाय."

"शुक्रा, तू कदी बोलला नायस."

"काय बोलू? तू बरं सांगतोस. मला तसं सांगता येत नाय. तू सांगायला लागलास की मी डोळं मिटतो. पूल दिसतोय, खांब दिसतोय. वर्सातनं एकदा बघून होतंय." त्यानं गवताची काडी तोडली. "सगळं खरं सांगतोस. मी सांगितलं तसंच. मग कंदील कुठनं आणलास?"

हिरामण बाह्यांना लागलेलं गवत झटकायला लागला.

"तिथं दिवं होतं की रं, रस्त्यावर. आणि मी टोपलीत कदी पडलो? म्हातारी होती एक, तिनं टोपलीतल्या शिंपल्या मला दिल्या होत्या. तुझ्यासाठी आणल्या. तू खाल्ल्यास."

खाल्ल्या होत्या. लिंबू पिळून, तंबूच्या दारात बसून. हिरामणला चव आठवली आणि त्यानं मान खाली घातली.

शुक्रा उठला. त्यानं सायकल गवतातून काढली, हँडल सरळ केलं आणि हिरामणकडं न बघता टांग टाकली. चौदा वर्षांनी. आधी थोडी डुगडुगली, मग लागली. तो पुण्याच्या रस्त्यानं दूरवर गेला. ऊन उतरलं होतं, पलीकडं माथेरानचा डोंगर काळा होत चालला होता. लांब वळणापाशी त्यानं सायकल उभी केली, एक पाय जमिनीवर टेकला आणि नुसता थांबला. रस्ता मोकळा होता. गाडी नाही, गुरं नाहीत. काहीतरी बाजूला व्हायची वाट बघत असल्यासारखा तो थांबला आणि मग वळून परत आला.

उतरून त्यानं सीटवर हात ठेवला. "चल, बस. माघारी जायचं हाय."

"मी नाय बसत आता."

"मग लोकं काय म्हणतील?"

"मी सांगतो लोकांना काय ते."

दोघं सायकल मधे धरून चालत आले.

खळ्यावर कंदील लागला होता. खराखुरा, खांबाला टांगलेला. धाऊनं मधोमध पेंढा पसरून जागा केली होती. "या तारांतोवाले! आता गोष्ट होऊन जाऊ दे!"

हिरामण बसला नाही. उभ्यानंच म्हणाला, "ऐका. तिकडं सायकल मी चालवली नाय. मला येत नाय. चालवली ती या शुक्रानं. शहर त्यानं बघितलं. मी छावणीत बसून होतो. कंदील मी माझ्या पदरचा घातला."

क्षणभर सूपसुद्धा थांबलं. आणि मग धाऊ हसत सुटला.

"आयला, दादा! आत्ता या डोळ्यांनी बघितली की आमी! वर कोण होता आणि मागं कोण पळत होता?"

सगळं खळं फुटलं. "दादाचं मन मोठं," कुणी म्हणालं. "ठाकराला वर चढवतोय." हिरामण ओरडला, "अरे, खरं सांगतोय!" तसे जास्तच हसले. ज्या फेरीनं त्याची अब्रू वाचवली होती, तीच आता त्याच्या आड आली. तेरा वर्षं खोटं गिळणाऱ्या लोकांना खऱ्याचा एक घास उतरेना. त्यांना तरी काय म्हणायचं? खोटं शिजवून घालणारा हाच.

मास्तर नवीन. त्यांनी हसू आवरून विचारलं, "शुक्रा, तूच सांग. खरं काय?"

हसणं थांबलं. हिरामणनं शुक्राकडं बघितलं. आयुष्यात त्यानं कुणाकडं काही इतकं मनापासून मागितलं नसेल. एक शब्द बोल. घे तुझं तुला.

शुक्रानं कनवटीची चंची काढली, पान काढलं, पुसलं.

"मला काय ठावं, मास्तर?" तो म्हणाला. "मी तर कंदील घेऊन मागं पळत होतो."

हशा झाला. शुक्रा हसला नाही. तो हिरामणकडं बघत राहिला, सांगणारा वाक्य संपवून बघतो तसा. हुंकाराची वाट बघत. हिरामणचं तोंड उघडलं, पण "हूं" काही बाहेर आलं नाही. शुक्रानं पान तोंडात टाकलं, कोयता कमरेला लावला आणि वाडीची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी तो कामाला आला नाही. त्याच्या वाटचं भात हिरामण स्वतः पाटी डोक्यावर घेऊन वाडीवर पोचतं करायला गेला. दारात सोमी होती. तिनं पाटी उतरून घेतली, रिकामी करून परत दिली. बस म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही. वाडीत पाणी न विचारणं म्हणजे काय, ते हिरामणला कळलं.

"बा कुठं हाय गं?" त्यानं विचारलं.

"माथेरानला गेलाय. घोड्यामागं."

त्यानंतरची झोडणी हिरामणनं गड्यांच्या हवाली केली. खळ्यावर यायचा तो दिवस मावळायच्या आत निघून जायचा. गोष्ट धाऊ सांगायला लागला. कंदिलाचा भाग तो कधी सोडत नाही. चंद्राबाई एकदा रागानं म्हणाली, "गप तरी करा त्याला." हिरामण ओटीवर बसला होता. खळ्यावरून धाऊच्या आवाजात पूल आला, बोळ आले, आणि हशाच्या आधीची ती जागा आली. त्यानं दोन्ही हातांनी कान झाकले. हात खाली घेतले तरी हसणं चालूच होतं.