जुलै-ऑगस्टच्या पानावरचा हात

शशिकला टिपणीस कुठे राहते, असं पनवेलच्या खांदा कॉलनीत कुणालाही विचारा. समोरचा आधी हसेल आणि मग घर दाखवेल. हसण्याचं कारण असं, की तिच्या घरून आलेलं कुठलंही पाकीट उघडलं की आतून पाचोळा पडतो. वाढदिवसाला पाचोळा, बारशाला पाचोळा, माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तर जाळी पडलेलं पिंपळाचं पान. पानंफुलं जाड पुस्तकांत दाबून वाळवायची, कार्डावर चिकटवायची आणि भोवती कुंचल्याने वेल काढायची, हा तिचा उद्योग. आम्ही त्याला मागून हसतो आणि कार्डं कपाटात जपून ठेवतो. माझ्याकडेच अकरा आहेत.

सत्त्याऐंशी साली टिपणीस मंडळी डोंबिवलीहून इथल्या सिडकोच्या रो-हाउसमध्ये आली, तेव्हा घरापुढे होता नुसता मुरूम. पावसात चिखल, उन्हात वीट. तिथे बाग करीन म्हणाली, तेव्हा तिचा नवरा अविनाश, जो बँकेत असल्यामुळे कुठल्याही गोष्टीला चटकन हो म्हणत नाही, तोही नाही म्हणायचं विसरला. आसुडगावची भामा डोक्यावरून शेणखताच्या पाट्या आणायची. एक पाटी खत आणि अर्धा तास गप्पा, असा त्या दोघींचा हिशेब. दोनतीन वर्षांत अनंत, तगर, जास्वंद, सोनटक्का असं काय काय तिथे उभं राहिलं. बोटीवर नोकरी करणाऱ्या भावाने तिला एक रशियन कॅमेरा दिला होता, वजनाला वरवंट्याएवढा. तो गळ्यात अडकवून ती पहाटे झाडांभोवती फिरायची. रस्त्यावरून पाहणाऱ्याला वाटावं, बाई झाडाची चौकशी करते आहे.

आता बाग म्हटली की फुलचोर आलाच. आमच्या कॉलनीतली सभ्य माणसं सकाळी प्लास्टिकची पिशवी घेऊन फिरायला निघतात आणि येताना ती भरलेली असते, हे मी सांगायला नको. शशिकलाने कंपाउंडला पाटी लावली, जाळी लावली, सोसायटीच्या सभेत उभं राहून बोलली. चोर सापडला तर त्याला सगळ्यांसमोर उभा करीन, असं तिने तिथे जाहीर केलं. त्याला सगळ्यात मोठ्याने अनुमोदन दिलं कमलाकर वैशंपायनने.

कमलाकर माझा बाकावरचा जोडीदार. रसायनीच्या कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त. देव नाही, हे तो संध्याकाळी पाच ते सात या वेळात सिद्ध करतो. बायको, कुमुदवहिनी, गेली तेव्हा त्याने दहावं-बारावं काही केलं नाही. घरातले देवही कुणालातरी देऊन टाकले म्हणाला. कॉलनीतल्या बायका त्याच्यावर टपून होत्या. उपासाला हसतो, सत्यनारायणाचा प्रसाद "शिरा छान झालाय" म्हणून खातो, या माणसाचं कधीतरी काहीतरी सापडावं, अशी सगळ्यांची इच्छा. माझीसुद्धा. मी त्याचा मित्र आहे, म्हणजे मला जास्तच.

पंचाण्णव साली शशिकलाने मनावर घेतलं की येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण वाण म्हणून कॅलेंडर द्यायचं. स्वतः काढलेल्या, स्वतःच्या बागेतल्या फोटोंचं. तोवर कॉलनीत वाण म्हणजे चहाची गाळणी, साबणाची डबी. सहा पानं, एका पानावर दोन महिने, आणि त्या महिन्यांत तिच्या अंगणात खरोखर जे फुललं असेल तेच फूल त्या पानावर. म्हणजे कॅलेंडर करायला वर्ष लागणार. लागलं. तारखा छापल्या पनवेल गावातल्या पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनच्या एका छापखान्यात. तिथल्या मालकाने विचारलं, तिथी कुठे आहेत? नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला की बाई, मग हे भिंतीवर लावून बघायचं काय? शेवटी संकष्ट्या तेवढ्या लाल शाईत टाकल्या. फोटो लॅबमधून धुऊन आणले, सत्तर प्रतींचे सहा-सहा, आणि एकेक करून स्वतः चिकटवले. भोवती वेल. या कामात तिचा डिसेंबर गेला आणि मानेला पट्टा आला.

संक्रांत आठ दिवसांवर आली. आमंत्रणं देऊन झाली. तिची मुलगी अनुया, तेव्हा कॉलेजात होती, प्रती मोजून गठ्ठे बांधत होती. जुलै-ऑगस्टच्या पानावर सोनटक्का होता. पावसात भिजलेला, पांढराशुभ्र, मागे लांब पानांचा हिरवा अंधार. अनुयाने एक प्रत डोळ्यांजवळ नेली.

"आई, या फांदीला घड्याळ कसं?"

शशिकलाने चष्मा लावला. मागच्या पानांतून जी फांदी वाटत होती तो हात होता. जाळीतून आत आलेला, दुसऱ्या फुलाच्या देठाला धरलेला. उजवा हात, आणि त्यावर घड्याळ, तबकडी आतल्या बाजूला. उजव्या हातात, तबकडी आत ठेवून घड्याळ घालणारा आमच्या कॉलनीत एकच माणूस.

आधी तिला आनंद झाला, हे तिने स्वतः मला सांगितलंय. दोन वर्षं ज्याला शोधत होती तो सत्तर प्रतींत सापडला होता. कॅलेंडरं वाटली की काम झालं, तोंड उघडायचीसुद्धा गरज नाही. भामाला दाखवलं तर ती पाटी उतरवत म्हणाली, "मना ठाव हाय कवापासून. तुमी येवढ्या सकालच्या उठता, तरी तुमाला नाय दिसला? पन बाय, त्यो एकच फूल नेतो. बाकीचं पिशवी भरून नेतात."

ते एकच फूल तिला टोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, अविनाश बाहेर पडल्याबरोबर, ती फोटो घेऊन कमलाकरच्या दारात गेली. भांडायलाच गेली होती.

कमलाकर बनियनवर होता. त्याने फोटो पाहिला, चष्मा आणला, पुन्हा पाहिला. "घड्याळ माझंच," म्हणाला, आणि बाजूला झाला. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर, पडद्याआड, कुमुदवहिनींचे देव होते. घासलेले. बाळकृष्णाच्या पुढ्यात एक तगरीचं फूल, ताजं.

 तो बोलला, भिंतीकडे बघत.

"कुमुद म्हणाली होती, देवांना रोज एक फूल घालत जा. मी म्हटलं, मी मानत नाही. ती म्हणाली, तुम्ही मानू नका, नुसतं घाला." ते फूल जरा सरळ करून म्हणाला, "म्हणून घालतो. मानत नाही."

"मग फुलपुडी लावायची."

"ती दाराच्या कडीला लटकते, वहिनी. सगळी कॉलनी बघते."

"माझ्याकडे मागितली असतीत तर दिली नसती का मी?"

"दिली असतीत. पण कशाला हवीत, हे विचारलं असतंत."

खरं होतं ते. तिने विचारलंच असतं, आणि तिने नसतं विचारलं तर मी विचारलं असतं. कमलाकर एवढंच म्हणाला की कॅलेंडर तुमच्या कष्टाचं आहे, ते वाटा, मी काय होईल ते बघून घेईन. पण हे म्हणताना त्याने पडदा ओढला, आणि तो नीट ओढला गेलाय ना हे दोनदा पाहिलं.

घरी येऊन तिने सत्तर प्रतींच्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. वर्षभर एकेका फुलाची वाट पाहून केलेली पहिली गोष्ट. त्या पानाला दुसरा फोटो नव्हता. बाकीचे सगळे पावसात हलले होते. कडेने कापावं तर हाताबरोबर फूलही जात होतं. पान फाडून टाकावं तर दोन महिने जातात, आणि जुलै-ऑगस्ट नसलेलं कॅलेंडर कोण घेणार? अनुया म्हणाली, काळ्या पेनाने गिरवून टाकू. शशिकला म्हणाली, गिरवलेलं दिसलं की लोक नखाने उकरतात, आपल्या लोकांना तू ओळखत नाहीस.

आणि तिने तेलरंग काढले. चकचकीत फोटोवर दुसरा रंग धरत नाही आणि तेलरंग वाळायला दिवस घेतो, म्हणून हळदीकुंकू संक्रांतीवरून थेट रथसप्तमीला नेलं. सव्वीस-सत्तावीस जानेवारी आली होती तोवर. नवीन कॅलेंडरातला जानेवारी हातात पडण्याआधीच संपत आला होता.

कॉलनीला एवढं पुरे होतं. हळदीकुंकू पुढे ढकललं म्हणजे घरात काहीतरी आहे. कुणी म्हणालं छापखानेवाला पळाला, कुणी म्हणालं अविनाशने कॅमेरा लपवला. फुलांऐवजी बाईंनी स्वतःचेच फोटो लावलेत आणि नवऱ्याने ते अडवलेत, ही बातमी माझी. ती चांगली चालली. कळंबोलीहून फिरून सुधारित स्वरूपात माझ्याकडे परत आली.

रथसप्तमीला बायका वाण घेऊन बाहेर पडल्या आणि रस्त्यातच उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या जुलै-ऑगस्टमध्ये वेगळाच प्राणी. एकीला फुलपाखरू, एकीला शिंजीर पक्षी, एकीला बेडूक. पहिले दहा हात पानांनी झाकल्यावर शशिकलाला कंटाळा आला होता, मग एकेका हातावर एकेक जीव बसवला. त्या पहिल्या दहांवरसुद्धा. सत्तर हातांवर सत्तर. अदलाबदली सुरू झाली. सरडा मिळालेलीला फुलपाखरू हवं होतं, फुलपाखरूवाली देईना. तिथी नाहीत याची तक्रार करायचं त्या गडबडीत राहूनच गेलं.

आमच्या घरी आली गोगलगाय. हा टोमणा आहे, असं आमच्या मंडळींचं मत पडलं. तुमच्यामुळेच, असंही मत पडलं. मी ती गोगलगाय उन्हात धरून पाहिली. सोनटक्क्याच्या देठावर गोगलगाय आडवी कशी चढेल? मोतीबिंदूनंतर मला फार स्वच्छ दिसतं. नख लावलं. शंखाखालून घड्याळाची तबकडी निघाली.

काय सांगू तुम्हाला. साठ वर्षांच्या बोलण्याच्या आयुष्यात इतकी चांगली गोष्ट हाताला लागली नव्हती. बाक, पाच ते सात, सगळी मंडळी जमलेली, आणि मी खिशातून ते पान काढतो. मी पायात चपला सरकवल्या. पण पुरावा पक्का असावा म्हणून आधी शशिकलाकडे गेलो.

तिने पान पाहिलं. "खरवडलंत ना, भाऊजी? बसा. ऐकून घ्या, मग कुणाला सांगायचं ते सांगा."

तिने सांगितलं ते वर आलंच आहे. सांगताना ती माझ्या पानावर पुन्हा गोगलगाय काढत होती, आधीपेक्षा जाड रंगाने. मी ओल्या रंगाचं पान हातात धरून घरी आलो आणि त्या संध्याकाळी बाकावर बसलो. कमलाकरने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्याला कळलं. मग त्याने नवस ही कशी लाच असते ते सांगायला घेतलं, आणि मी दोन तास नुसता ऐकत राहिलो. बाकावरच्या मंडळींना वाटलं मला बरं नाही.

हे आज लिहितोय कारण कमलाकर गेल्या दिवाळीपासून नाशिकला मुलाकडे राहायला गेलाय. परवानगी मागायला पत्र टाकलं होतं. उलट टपाली कार्ड आलं: लिही, पण माझी मतं बदललेली नाहीत हेही लिही. लिहिलं.

त्या वर्षानंतर शशिकलाने आणखी तीन कॅलेंडरं केली. आता लोक दिवाळीपासून विचारायला लागतात. फुलचोराच्या नावाने ती त्यानंतरही मधूनमधून कंपाउंडशी उभी राहून ओरडायची, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. ओरडली नसती तर लोकांना संशय आला असता. गेल्या वर्षी पनवेल गावातले एक फोटोग्राफीतले जाणकार गृहस्थ तिची कॅलेंडरं बघायला आले होते. फार वाखाणली त्यांनी. पण म्हणाले, पहिल्या वर्षीचा उजेड मऊ होता, नंतरचे सगळे फोटो आठच्या उन्हातले दिसतात, सावल्या कडक येतात. सहा-साडेसहाला बागेत उतरत जा, बाई, फुलं तेव्हाच बोलतात.

मी तिथे चहा पीत बसलो होतो. आमच्याकडे पाणी पहाटे पाचला येतं, आणि टिपणीसांच्या घरी ते कोण भरतं हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. सहा-साडेसहाला जाळीशी कोण यायचं, हे मला माहीत होतं. शशिकलाने बशी पुढे सरकवली.

"काय करणार," ती म्हणाली, "इतक्या लवकर मला जागच येत नाही."